इंग्रजी वाक्यात क्रियाविशेषण आणि उभयान्वयी अव्यय एकत्र कसे वापरावे

इंग्रजी शिकताना शब्दांच्या जाती आपण एकेक करून पाठ करतो, पण रोजच्या वाक्यात त्या एकमेकींना चिकटूनच येतात. ‘अँड देन’, ‘बट स्टिल’, ‘ईव्हन इफ’, ‘जस्ट बिकॉज’, ‘ओन्ली व्हेन’ या जोड्यांशिवाय इंग्रजीतला साधा निरोपसुद्धा पुरा होत नाही. अशा जोडीत एक शब्द उभयान्वयी अव्यय असतो आणि दुसरा क्रियाविशेषण. दोन उपवाक्ये जोडण्याचे काम उभयान्वयी अव्यय करते, तर त्या जोडणीला किंवा क्रियेला छटा देण्याचे काम क्रियाविशेषण करते. दोन उपवाक्यांमध्ये जोडणारा शब्द एकच चालतो. क्रियाविशेषणावर मात्र असे बंधन नाही. पुढच्या बहुतेक पायऱ्या या एका नियमातूनच निघतात.

पहिली पायरी: क्रियापदे मोजा

वाक्य लिहून झाले की त्यातील काळ दाखवणारी क्रियापदे शोधावीत. ‘शी लॉक्ड द डोअर अँड देन वेंट अपस्टेअर्स’ या वाक्यात ‘लॉक्ड’ आणि ‘वेंट’ अशी दोन क्रियापदे आहेत, म्हणून जोड एकच हवी आणि ती ‘अँड’ने दिली आहे. ‘देन’ फक्त क्रम सांगते. ते काढून टाकले तरी वाक्य उभे राहते. ‘अँड’ काढले तर मात्र दोन क्रिया सुट्या पडतात. क्रियापदे तीन असतील तर साधारणपणे दोन जोडशब्द लागतात. लांब वाक्यात गोंधळ झाला की आधी ही मोजणी करावी, कारण बऱ्याचदा चूक तिथेच सापडते.

दुसरी पायरी: शब्द जागेवरून हलवून पाहा

‘बट’ आणि ‘हाऊएव्हर’ या दोन्हींचा अर्थ आपण ‘पण’ असाच लावतो, त्यामुळे ते एकाच जातीचे वाटतात. ते तसे नाहीत. ‘द रोड वॉज ब्लॉक्ड, बट वी अराइव्ड ऑन टाइम’ या वाक्यातील ‘बट’ दुसऱ्या उपवाक्याच्या तोंडाशी घट्ट बसलेले आहे. ‘वी बट अराइव्ड’ किंवा ‘वी अराइव्ड ऑन टाइम, बट’ असे लिहिता येत नाही. ‘हाऊएव्हर’ मात्र फिरते. ते सुरुवातीला येऊ शकते, ‘वी, हाऊएव्हर, अराइव्ड ऑन टाइम’ असे मध्ये येऊ शकते आणि ‘वी अराइव्ड ऑन टाइम, हाऊएव्हर’ असे शेवटीही बसते. जो शब्द स्वतःच्या उपवाक्यात असा फिरू शकतो, तो क्रियाविशेषण समजावा. ‘देअरफोर’, ‘मीनव्हाइल’, ‘इन्स्टेड’, ‘नेव्हरदलेस’ हे त्याच गटातले आहेत.

‘बिकॉज’ किंवा ‘ऑल्दो’ यांचे पूर्ण उपवाक्य उचलून वाक्याच्या आरंभी नेता येते, पण स्वतःच्या उपवाक्यातले त्यांचे पहिले स्थान सुटत नाही. म्हणून तीही उभयान्वयी अव्ययेच आहेत.

तिसरी पायरी: विरामचिन्ह शब्दाच्या जातीवरून ठरवा

‘फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो’ ही समान दर्जाची वाक्ये जोडणारी 7 अव्यये इंग्रजी शिकवणारे आद्याक्षरांवरून ‘फॅनबॉइज’ म्हणून लक्षात ठेवायला सांगतात. यांनी दोन पूर्ण वाक्ये जोडली, तर त्यांच्याआधी स्वल्पविराम पुरतो. ‘हाऊएव्हर’सारख्या क्रियाविशेषणाआधी मात्र अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो आणि नंतर स्वल्पविराम येतो. ‘द रोड वॉज ब्लॉक्ड, हाऊएव्हर, वी अराइव्ड ऑन टाइम’ हे वाक्य कानाला बरे वाटले तरी लेखनात चुकीचे आहे, कारण जोडणारा शब्द त्यात नाहीच. अर्धविरामाची सवय नसेल, तर सरळ पूर्णविराम देऊन नवे वाक्य सुरू करावे. त्यात कमीपणा काही नाही.

चौथी पायरी: जरी–तरीची सवय तपासा

मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्वांत खोल रुजलेली चूक इथे आहे. मराठीत जोडशब्द जोडीने येतात: जरी–तरी, जर–तर, जेव्हा–तेव्हा, ज्याअर्थी–त्याअर्थी. आपण पहिला शब्द उच्चारला की दुसऱ्याची वाट पाहतो, आणि तो आला नाही तर वाक्य अपुरे वाटते. त्यातूनच ‘ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही केप्ट वर्किंग’ असे वाक्य तयार होते. क्रियापदे दोन आणि जोडणारे शब्दही दोन, म्हणजे एक जास्त झाला. ‘ऑल्दो’ ठेवले तर ‘बट’ काढावे, ‘बट’ ठेवायचे असेल तर ‘ऑल्दो’ सोडावे. ‘बिकॉज’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘सो’ घालण्याची चूकही याच कुळातली आहे.

‘तरी’ची उणीव भासतच असेल, तर क्रियाविशेषण मदतीला येते: ‘ऑल्दो ही वॉज टायर्ड, ही स्टिल केप्ट वर्किंग.’ इथे ‘स्टिल’ला हरकत नाही, कारण ते वाक्ये जोडत नसून क्रियापदाजवळ बसून ‘तरीसुद्धा’ची छटा देते. ‘इफ’ने सुरू झालेल्या वाक्यात ‘देन’ चालते तेही याच कारणाने. ‘व्हेन’नंतरचे ‘देन’ मात्र बहुधा निरर्थक ठरते, कारण वेळ आधीच सांगून झालेली असते. म्हणजे व्याकरणाने मुभा दिली, तरी गरज आहे का हा प्रश्न उरतोच.

‘येट’ आणि ‘सो’ हे शब्द दोन्ही जातींत वावरतात. ‘अँड येट’, ‘अँड सो’ या जोड्या शुद्ध आहेत, कारण ‘अँड’ने जोडण्याचे काम घेतल्यावर ‘येट’ आणि ‘सो’ क्रियाविशेषण होऊन मागे उभे राहतात. ‘बट येट’मध्ये मात्र विरोध दोनदा सांगितला जातो, ते टाळलेले बरे.

पाचवी पायरी: अव्ययाच्या आधी योग्य क्रियाविशेषण लावा

क्रियाविशेषण नेहमी क्रियापदाशीच बांधलेले असते असे नाही. ते संपूर्ण गौण वाक्याला मोजते, आवळते किंवा त्यावर जोर देते. ‘जस्ट बिफोर’ म्हणजे अगदी आधी, ‘लाँग आफ्टर’ म्हणजे कितीतरी नंतर, ‘एव्हर सिन्स’ म्हणजे तेव्हापासून सतत. ‘मेनली बिकॉज’ने इतरही कारणे असल्याचे सूचित होते, ‘सिम्प्ली बिकॉज’ने ती नसल्याचे. दोन शब्दांत इतके काम होते, म्हणून या जोड्या सुट्या शब्दांपेक्षा आधी पाठ कराव्यात असे मला वाटते.

त्यांतल्या ‘ईव्हन’कडे वेगळे लक्ष द्यावे. ‘ईव्हन आय वॉज टायर्ड, आय वेंट’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते, पण ‘ईव्हन’ला स्वतःच्या बळावर वाक्ये जोडता येत नाहीत; त्याच्यामागे ‘दो’ किंवा ‘इफ’ लागतेच. कोणते लावायचे हे वस्तुस्थितीवर ठरते. ‘ईव्हन दो इट रेन्ड’ म्हटले की पाऊस खरोखर पडला होता. ‘ईव्हन इफ इट रेन्स’ म्हणणाऱ्याला पाऊस पडेल की नाही हे ठाऊक नसते. पडला तरी बेत बदलणार नाही, एवढेच तो सांगतो.

‘ओन्ली’ची जागाही जपावी. ‘आय कॉल ओन्ली व्हेन आय नीड हेल्प’ असे लिहिले की ‘मदत लागली तरच’ हा अर्थ निःसंशय होतो. बोलताना ‘आय ओन्ली कॉल व्हेन…’ असे म्हणणे सर्वमान्य आहे, मात्र लेखनात ‘ओन्ली’ ज्याला मर्यादा घालायची त्याच्या शेजारी ठेवावे.

सहावी पायरी: जोडी वाक्यारंभी आली तर शब्दक्रम उलटा करा

‘ओन्ली व्हेन’, ‘ओन्ली आफ्टर’ अशी मर्यादा घालणारी जोडी सुरुवातीला नेली, तर मुख्य वाक्यात सहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते: ‘ओन्ली व्हेन द म्युझिक स्टॉप्ड डिड वी हिअर द फोन.’ उलटापालट ‘व्हेन’च्या उपवाक्यात करायची नाही, हे ध्यानात असावे. ‘नो सूनर’ने सुरुवात केली तर ‘नो सूनर हॅड शी सॅट डाउन दॅन द फोन रँग’ असे ‘दॅन’ येते, ‘हार्डली’बरोबर ‘व्हेन’ येते. परीक्षांना ही रचना जितकी प्रिय आहे तितकी बोलणाऱ्यांना नाही. ते ‘ॲज सून ॲज’ म्हणून मोकळे होतात.

सातवी पायरी: नकार आणि ‘बिकॉज’ एकत्र आल्यास थांबून वाचा

‘आय डिडन्ट लीव्ह बिकॉज आय वॉज अँग्री’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. बोलणारा रागामुळे गेलाच नाही, असा एक. आणि तो गेला खरा, पण त्याचे कारण राग नव्हते, असा दुसरा. पहिला अर्थ हवा असेल, तर ‘बिकॉज आय वॉज अँग्री’ हे उपवाक्य आधी ठेवून त्यानंतर स्वल्पविराम द्यावा. मी गेलो, पण केवळ रागापायी नव्हे, असे म्हणायचे असेल, तर ‘बिकॉज’च्या आधी ‘जस्ट’ घालावे: ‘आय डिडन्ट लीव्ह जस्ट बिकॉज आय वॉज अँग्री.’ मग नकाराचा रोख जाण्याच्या क्रियेवरून सुटून कारणावर जातो, आणि खरे कारण पुढच्या वाक्यात सांगायला जागा होते.