कार्यक्षम पांढरा ओएलईडी घडवताना

पांढरा ओएलईडी (सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरांतून विजेवर प्रकाश देणारा दिवा) बनवताना आधी निळ्या रंगाचा विचार करावा, कारण खरी अडचण तिथेच असते. विद्युतप्रवाहाने निर्माण होणाऱ्या एक्सायटॉनांपैकी (ज्यांतून प्रकाश निघतो त्या उत्तेजित अवस्थांपैकी) सुमारे 25 टक्के सिंगलेट आणि 75 टक्के ट्रिपलेट प्रकारचे असतात. फक्त सिंगलेटपासून प्रकाश देणारी साधी फ्लुओरेसंट द्रव्ये ट्रिपलेटची ऊर्जा वाया घालवतात, म्हणून हिरव्या व लाल रंगांसाठी ट्रिपलेटपासूनही प्रकाश देणारी इरिडियमची फॉस्फोरेसंट संयुगे निवडावीत. निळ्यासाठीही तीच वापरायची असतील, तर यजमान पदार्थाची (ज्यात ही संयुगे मिसळतात त्याची) ट्रिपलेट ऊर्जा त्यांच्याहून जास्त असलीच पाहिजे, अन्यथा ऊर्जा उलट यजमानाकडे जाते.

आयटीओचा (इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक विद्युतवाहकाचा) लेप असलेली काच अ‍ॅसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन तिच्यावर अतिनील-ओझोन प्रक्रिया करावी. इथे घाई मुळीच करू नये: सर्व सेंद्रिय थरांची मिळून जाडी बहुधा 100 ते 200 नॅनोमीटरच असल्याने धुळीचा एक कणही शॉर्टसर्किट घडवू शकतो. थर उच्च निर्वातात चढवावेत आणि नायट्रोजनच्या पेटीतच झाकण बसवावे.

एवढे जमले तरी सपाट काचेतून जेमतेम पंचमांश प्रकाश बाहेर पडतो. उरलेला थरांत आणि काचेत अडकतो. या बाबीकडे अनेकजण दुर्लक्ष करतात, याची मला खंत वाटते. ड्रेस्डेनच्या संशोधकांनी 2009 मध्ये उच्च अपवर्तनांकाची काच व प्रकाश बाहेर काढणारी रचना वापरून, प्रति चौरस मीटर 1000 कँडेला तेजस्वितेला, प्रति वॅट 90 ल्यूमेन साधले. मोजमाप करताना काचेच्या कडांतून निसटणारा प्रकाश झाकावा.