गावठी भाताचं बी शुद्ध कसं राखावं

बेळगाव-खानापूर पट्ट्यात घरचं बासमती दोन-चार वर्षांत 'मिसळतं', तेव्हा दोष शेजारच्या शेताला दिला जातो. पण भात स्वपरागी पीक आहे. परपरागीकरण सहसा एक टक्क्याच्याही आत असतं आणि ३ मीटर अंतर सोडलं की तेवढी काळजी मिटते. खरी भेसळ धूळवाफ पेरणीत, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत बी पेरण्यात होते. गेल्या हंगामात गळलेले दाणे वळवाच्या पावसावर उगवतात आणि कुरीनं (पेरणीच्या अवजारानं) पेरलेल्या ओळीतच आले तर तण काढणाऱ्या कोळप्यालाही सापडत नाहीत. दुसरं कारण मळणी यंत्र: आधीच्या शेतातलं भात त्यात उरलेलंच असतं.

म्हणून बियाण्याचा एक गुंठा वेगळा ठेवा आणि तिथे धूळवाफ न करता रोपलावण करा. पहिल्या पावसावर जुने दाणे उगवू द्या, मग चिखलणीत गाडा. तरवा (रोपवाटिका) मात्र गेल्या वर्षी भात नसलेल्या जागी टाका.

गुंठ्याला १५० ग्रॅम बी भरपूर होतं. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ढवळा, तरंगलेलं फेका. तळाचं दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा. धुण्यात कसूर झाली तर मीठ उगवणीला मारतं.

लावण २० × १५ सेंमीवर, एका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) एकच रोप. इथे कंजूषपणा करायलाच हवा, कारण तीन-चार रोपं एकत्र लावली की त्यातलं परकं कोणतं ते कळत नाही.

निवड तीनदा करा. फुलोऱ्याआधी उंची आणि पानांचा, बुडख्याचा रंग बघा. लोंब बाहेर पडताना फार लवकर किंवा फार उशिरा निसवणारी झाडं हेरा. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी टरफलाचा रंग, कूस (दाण्याच्या टोकाचा केसासारखा काटा) आणि दाण्याची लांबी तपासा. परकं झाड मुळासकट उपटा. नुसतं कापलं तर पुन्हा फुटवे येतात. फुलं साधारण सकाळी ९ नंतर उमलतात, तेव्हा फुलोऱ्यातली उपटणी त्याआधी उरका.

पण सगळंच एकसारखं करायच्या नादी लागू नका. गावठी वाणात थोडा फरक असतोच, आणि एखाद्या वर्षी पाऊस लांबला तर तोच तारून नेतो. नुसत्या टपोऱ्या लोंब्या निवडत गेलात तर काही हंगामांत वेगळंच भात हाती येईल. वाणाची खूण ठरवताना घरातल्या जाणत्या बायकांना आधी विचारा. शिजवणाऱ्या हातांना दाणा चांगला ओळखू येतो. मग त्या गुंठाभर फिरून किमान २०० झाडांच्या एकेक लोंबीचं बी एकत्र करा.

वासाची चाचणी कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहज होते: चिरलेली २ ग्रॅम पानं १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० मिली द्रावणात दहा मिनिटं झाकून ठेवायची आणि मग वास घ्यायचा. द्रावण कातडी भाजणारं आहे, हातमोजे हवेतच. शिवाय इंद्रायणी या सुधारित वाणाची भेसळ या चाचणीत पकडली जात नाही. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेली ती, म्हणजे वास तिलाही आहेच. तिथे झाडाचं आणि दाण्याचं रूपच बघावं लागतं.

बियाण्याची झोडणी फळीवर हातानं करा. ताडपत्रीवर सकाळ-संध्याकाळच्या उन्हात वाळवा, भर दुपारी झाका. कोरड्या बरणीत थोडं बी आणि तेवढंच कोरडं मीठ घालून हलवा. दहा मिनिटांत मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. मीठ सुटं राहिलं तरी लगेच थांबू नका, १२ टक्क्यांपर्यंत उतरवा. हवाबंद डब्यात ओलसर बी भरलं तर ते गुदमरून मरतं, त्यापेक्षा फळीवर ठेवलेलं पोतं बरं.

उगवण चाचणी कापणीनंतर लगेच करू नका, ताज्या भाताला सुप्तावस्था असते, म्हणजे काही काळ ते नीट उगवत नाही. एप्रिल-मेमध्ये १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि १४ व्या दिवशी मोजा. ८० पेक्षा कमी उगवले तर ते बी पेरू नका.

वाणाची नोंद करायची असेल तर २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला शुल्क माफ आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं मुगद इथलं भात संशोधन केंद्र जवळच आहे. जाताना चिठ्ठीवर वाणाचं मराठी आणि कानडी नाव, गाव, जमीन खोल की माळाची, पेरणी आणि निसवण्याची तारीख, भाताचा घरातला उपयोग एवढं लिहून न्या.