गोळी घेण्याआधी स्ट्रिप उलटी करा

बी.फार्म.च्या चौथ्या सेमिस्टरला फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचा शरीरावरचा परिणाम शिकवणारा विषय, सुरू झालं, की आमच्या होस्टेलला डॉक्टर लागेनासा होतो. खोलीखोलीत बिस्किटांचा डबा आणि त्यात कापलेल्या स्ट्रिपा. मी हाच विषय शिकवते, तरी 'मनानं गोळ्या घेऊच नका' असं म्हणणार नाही. साध्या सर्दीसाठी ओपीडीच्या रांगेत कोण उभं राहणार? पण घ्यायचीच तर नीट घ्या.

आधी स्ट्रिप उलटी करा आणि घटक वाचा. ब्रँड नव्हे, घटक. गेल्या पावसाळ्यात एका मुलीनं मला तिची दिवसभराची औषधं सांगितली: तापाला पॅरासिटामॉल ६५० तीनदा, सर्दीची गोळी तीनदा, अंगदुखीला अ‍ॅसिक्लोफिनॅकवाली दोनदा. तिच्या लेखी ही तीन वेगळी औषधं. मी तिच्याच वहीत बेरीज मांडायला लावली. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल ५००, अंगदुखीच्या गोळीत ३२५. म्हणजे १९५० अधिक १५०० अधिक ६५०, एकूण ४१०० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४०००! पॅरासिटामॉलनं लिव्हर कसं बिघडतं याची आकृती ही मुलगी झोपेतही काढेल, पण स्वतःच्या गोळ्यांची बेरीज मात्र केली नव्हती.

पावसाळ्यातल्या तापाला नुसतं पॅरासिटामॉल. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन यांना हात लावायचा नाही. रक्तस्रावाचा धोका वाढतो.

स्ट्रिपवर लाल रेघ दिसली तर चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. सर्दी बहुतेक वेळा व्हायरसची, तिथे अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक काय करणार? रूममेटच्या उरलेल्या तीन गोळ्या तर नकोच. 'शेड्यूल एच१' चं, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या ठरावीक औषधांच्या यादीचं, रजिस्टर दुकानदारानं तीन वर्षं जपायचं, हे पाठ असलेली मुलंच ओळखीच्या मेडिकलमधून अँटिबायोटिक आणतात, याचा मला खरा राग येतो.

जुलाबात ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरात, असला अंदाजपंचे कारभार नको. शौचात रक्त किंवा ताप असेल तर जुलाब थांबवणारं लोपेरामाइड घेऊ नका.

स्ट्रिप कापताना एक्स्पायरी आणि बॅच नंबरची बाजू शेवटपर्यंत राखा. डब्यातल्या ज्या तुकड्यावर तारीख नाही, तो टाकून द्या.

ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर डॉक्टर गाठा. गोळी घेतल्यावर चेहरा सुजला, श्वास लागला, तर तडक हॉस्पिटल, गुगल नंतर. तेव्हा घेतलेल्या सगळ्या स्ट्रिपा सोबत न्या आणि काय, कधी, किती घेतलं ते न लाजता सांगा. बरं वाटल्यावर त्या रिअ‍ॅक्शनची नोंद औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या फार्माकोव्हिजिलन्स यंत्रणेच्या १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री नंबरवर करा. नोंदीचा फॉर्म कसा भरायचा ते आलं नाही, तर माझ्या केबिनमध्ये या.