तीर्थनच्या काठी तंबूत राहायचं असेल तर

हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यात, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या वेशीवर रोला नावाची जागा आहे. गुशैणी गावातून तीन-चार तासांची चाल, देवदाराचं जंगल, खळाळणारी तीर्थन नदी आणि तंबू टाकण्यापुरती सपाट जमीन. वीज नाही, दुकान नाही, गुशैणी सोडल्यावर फोनच्या रेंजचा भरवसा नाही. हे जंगल २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. नदीकाठी पहिल्यांदा राहायला जाणाऱ्याला मी हीच जागा सुचवतो.

निघण्याआधी

एप्रिल ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊच नका. सह्याद्रीत भर पावसात भटकलेल्यांना हे पटत नाही, पण तिकडच्या पावसाची जात वेगळी. जुलै २०२३ च्या पुरात बियास नदीने कुल्लू-मंडीतले रस्ते आणि पूल धुऊन नेले.

मुंबई-पुण्याहून रेल्वेने चंदीगड, तिथून मनालीची बस. औटच्या बोगद्याच्या अलीकडे उतरायचं आहे हे कंडक्टरला बसताना सांगा आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा आठवण करा. बोगद्यात शिरलेली बस तुमच्यासाठी थांबत नाही. पुढे बंजार, मग साई रोपा. तिथल्या वनखात्याच्या केंद्रात परवाना काढायचा, ओळखपत्राच्या प्रती जवळ ठेवायच्या. वाटाड्या गुशैणीच्या परिसरातलाच घ्या. नदी कुठवर चढते हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं.

स्टोव्हची गॅसची डबी रेल्वेत आणि विमानात चालत नाही. ती चंदीगडला घ्या, किंवा वाटाड्याला आधीच सांगून ठेवा.

तंबू कुठे टाकायचा

यावर वेळ घालवा. बाकीचं चुकलं तर रात्र जरा त्रासात जाते, हे चुकलं तर जिवावर बेतू शकतं.

पहिल्या खेपेला मी पाण्यापासून दहा पावलांवर, मऊ वाळूवर तंबू टाकला होता. दुपारी नदी शांत होती. दिवसभराच्या उन्हाने वर वितळलेला बर्फ संध्याकाळी खाली पोचला आणि अंधार पडता पडता पाणी खुंट्यांना लागलं. हेडटॉर्चच्या उजेडात सगळं सामान वर ओढताना माझे हात कापत होते. वाळू मऊ आणि सपाट असते, कारण ती नदीनेच आणून टाकलेली असते. म्हणजे ती जागा नदीची.

म्हणून आधी काठाने चाला आणि खुणा शोधा. झुडपांत अडकलेला पालापाचोळा, खडकावरची ओल्या चिखलाची रेघ, ओळीने साचलेल्या काटक्या. ही पाण्याची जुनी पातळी. तंबू तिच्याहून किमान दोन पुरुष उंच हवा, आणि मागे वर चढून जायला मोकळी वाट हवी. दोन ओहोळांच्या बेचक्यात बसू नका. डोक्यावर वाळकी फांदी किंवा सुटे दगड नाहीत ना, तेही बघा.

तीर्थनवर धरण नाही, पण वर ढगफुटी झाली तर तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही पाणी वाढतं. एकदम गढूळ झालेलं पाणी, वाहत येणारी पानं-फांद्या, बदललेला आवाज, यांतलं काहीही जाणवलं तर सामान सोडून वर चढा. धरणाखालच्या नदीत तर एवढीही सूचना मिळत नाही. औटहून येताना लारजीचं धरण लागतं. जून २०१४ मध्ये त्याच्या खालच्या अंगाला बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या कॉलेजचे २४ विद्यार्थी अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. त्या वळणावर बस आली की मला अजून बोलवत नाही.

रात्री थंड वारा खोऱ्यातून खाली उतरतो, म्हणून तंबूचं दार नदीच्या वरच्या दिशेला ठेवू नका. थंडी वाजते म्हणून सगळ्या झडपा बंद केल्या तर श्वासातली वाफ आतल्या कापडावर जमते आणि पहाटे तोंडावर ठिबकते. एक झडप उघडी ठेवा.

पाणी आणि जेवण

पाणी काचेसारखं दिसलं तरी वर गुरं, मेंढ्या चरतात. खळखळून उकळी आल्यावर तीन मिनिटं उकळा; दोन हजार मीटरच्या वर पाणी कमी तापमानालाच उकळतं. डाळ त्यामुळे लवकर शिजत नाही. दोन लिटरचा छोटा कुकर न्या, नाहीतर मुगाची खिचडी, मेतकूट-भात, भाजणी यांवर भागवा. पार्कमध्ये लाकूड गोळा करायला बंदी आहे, तेव्हा शेकोटी विसरा. या जंगलात काळं अस्वल असतं, म्हणून शेंगदाण्याचे लाडूसुद्धा तंबूत घेऊन झोपू नका. खाण्याची पिशवी लांब, झाडाला उंच टांगा.

शौच आणि भांडी

पाण्यापासून सत्तर पावलं तरी दूर जा, वीतभर खोल खड्डा करा आणि नंतर मातीने बुजवा. कागद, सॅनिटरी पॅड बंद पिशवीत परत आणा. झुडपांत हात घालताना बिच्छू घासापासून जपा, नुसत्या स्पर्शानेही आग होते. साबण नदीत अजिबात नको, मग तो ‘हर्बल’ असला तरी. भांडी तांब्याने पाणी घेऊन काठापासून दूर धुवा. या नदीत ट्राउट मासा आहे, आणि खालच्या गावांतली माणसं हेच पाणी वापरतात.

परतताना

खुंट्या मोजून घ्या, आधीच्या लोकांनी टाकलेली वेष्टनंही उचला. अरुंद खोऱ्यात ऊन उशिरा पोचतं आणि दवाने भिजलेला तंबू तसाच गुंडाळला तर घरी पोचेपर्यंत त्याला बुरशी धरते. गुशैणीहून संध्याकाळची गाडी गाठायची असेल तर तंबू वाळवायचा तासभर हिशेबात धरूनच चालायची वेळ ठरवा.