ट्रम्पेटचा अडकणारा दुसरा व्हॉल्व्ह : माझा अनुभव
सांगलीत लग्नसराई तोंडावर असताना माझ्या ट्रम्पेटचा दुसरा व्हॉल्व्ह (सूर बदलण्यासाठी बोटाने दाबायची कळ) दाबला की वर येईनासा झाला. स्प्रिंग थकली असावी असे आधी वाटले. परंतु तिन्ही पिस्टन (व्हॉल्व्हच्या आत वर-खाली सरकणारे दांडे) काढून कोमट साबणपाण्याने नळ्या धुतल्या, आतला हिरवट थर निघाला, तरी अडकणे थांबले नाही. दुसरा पिस्टन हलकेच फिरवत खाली सोडला, तेव्हा तो एकाच जागी घासत होता आणि तिथे चकचकीत ओरखडा उमटला होता, कारण बाहेर आलेली त्या व्हॉल्व्हची छोटी स्लाइड (सरकवता येणारी वाकडी नळी) वाद्याच्या पेटीत दाबली जाऊन केसिंगला, म्हणजे पिस्टनभोवतीच्या नळकांड्याला, बारीक पोचा आला होता. पॉलिश पेपर मी कटाक्षाने टाळला. पिस्टन घासला की फट वाढते, हवा गळते आणि सूर पोकळ होतो. पोचा जाणत्या कारागिराकडूनच काढून घेतला. घट्ट बसलेल्या, सूर जुळवण्याच्या मुख्य स्लाइडच्या सांध्यावर मात्र मीच पातळ तेल रात्रभर मुरू दिले, सकाळी सुती कापड अडकवून ती सरळ ओढली आणि ग्रीस लावले.