परदेशी पासपोर्टवर तातडीनं नागपूरला यायचंय? व्हिसा असा मिळवा

मुलगा अमेरिकेचा नागरिक झालेला, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला व्हिसाशिवाय येऊ देणारं) 'पुढच्या सुट्टीत काढू' म्हणता म्हणता राहून गेलेलं, आणि इकडे वडील धंतोलीतल्या दवाखान्यात आयसीयूत. नागपुरातल्या कुठल्याही लेआउटमध्ये आता अशी घरं सापडतात. फोन आला की तिकडचा माणूस आधी तिकिटं बघायला लागतो. तिकीट नंतर. आधी कोणत्या मार्गानं यायचं ते ठरवा. आणि या कामातला निम्मा वाटा नागपूरच्या मंडळींनी उचलायचा आहे.

पासपोर्ट कोणाचा, कोणता?

भारताचा पासपोर्ट असेल तर यायला व्हिसा लागतच नाही. तो हरवला असेल तर तिथला भारतीय दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. ते फक्त भारतात येण्यापुरतं चालतं.

परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर कपाटातला जुना भारतीय पासपोर्ट विसरा, त्यावरची मुदत शिल्लक असली तरीही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वीकारलं की भारताचं आपोआप संपतं, आणि त्यानंतर तो पासपोर्ट वापरणं हा गुन्हा आहे. 'एवढ्या वेळी चालून जाईल' असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांचं ऐकू नका.

तिकडे जन्मलेल्या मुलांचं बघायचं राहून जातं. आईवडील भारतीय असले तरी पोराचा पासपोर्ट तिकडचा असेल तर त्याला स्वतःचा व्हिसा किंवा ओसीआय लागतं, तान्ह्या बाळालासुद्धा. माझं स्पष्ट मत असं, की ज्याची कागदपत्रं आधी होतील त्यानं एकट्यानं निघावं, बाकीचे मागून येतील.

हातात चार दिवस असतील तर ई-व्हिसा

ई-व्हिसाचा, म्हणजे ऑनलाइन मिळणाऱ्या व्हिसाचा, अर्ज भारतात पोहोचण्याच्या तारखेच्या किमान चार दिवस आधी करायचा असतो. अर्ज भारत सरकारच्या संकेतस्थळावरच करा. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, एवढं बघा. हुबेहूब सरकारी दिसणारी आणि दामदुप्पट पैसे घेणारी खासगी दुकानं शोधात सगळ्यात वर येतात.

प्रकार निवडताना घोटाळा होतो. वडील दवाखान्यात आहेत म्हणून लोक 'मेडिकल अटेंडंट' निवडतात. तो व्हिसा उपचारासाठी भारतात येणाऱ्या परदेशी रुग्णाच्या सोबत्यासाठी आहे. आपल्या माणसाला भेटायला यायचं तर 'टूरिस्ट'च घ्यायचा. नातेवाइकांची भेट त्यातच बसते. तीस दिवसांचा, एक वर्षाचा आणि पाच वर्षांचा असे पर्याय दिसतील. आजारपण असेल तर एक वर्षाचा बरा, कारण पुन्हा यावं लागू शकतं.

पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली हवी आणि दोन पानं कोरी. फोटो चौकोनी, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, वडिलांचं नाव मधे घुसवायची आपली सवय इथे नको. आधीचं नागरिकत्व विचारतात, तिथे भारत लिहा. शिवाय भारतातला एक संपर्क मागतात. तिथे आयसीयूत असलेल्या वडिलांचा नंबर देऊ नका. फोन उचलणारा चुलतभाऊ किंवा शेजारी द्या, आणि त्याला तसं सांगूनही ठेवा.

पैसे भरल्यावर ईमेलची वाट बघत बसू नका, संकेतस्थळावर जाऊन स्थिती तपासा. 'ग्रँटेड' दिसलं की छापून घ्या.

आजच निघायचं असेल तर कॉन्सुलेट

इथे ई-व्हिसाचा उपयोग नाही. आपला तिकडचा पत्ता ज्या भारतीय कॉन्सुलेटच्या (वाणिज्य दूतावासाच्या) हद्दीत येतो तिथेच जावं लागतं. न्यू जर्सीचा माणूस न्यूयॉर्कला, टेक्सासचा ह्यूस्टनला. जवळच्या नातलगाचं गंभीर आजारपण किंवा मृत्यू असेल तर तातडीच्या व्हिसाची सोय असते. कार्यालयाच्या संकेतस्थळावर आणीबाणीचा फोन नंबर असतो. आधी त्यावर बोला, काय-काय आणायचं ते लिहून घ्या, मग निघा. साधारणपणे ऑनलाइन भरून छापलेला अर्ज, फोटो, पासपोर्ट, तिथल्या पत्त्याचा पुरावा, आजारपणाचा किंवा मृत्यूचा कागद आणि नात्याचा पुरावा लागतो. तिकीट मागितलं तर रद्द करता येईल असंच काढा.

नागपूरच्या मंडळींचं काम

खरी घाई इथे आहे. 'पेशंट सीरियस आहे' असं व्हॉट्सअॅपवर लिहून भागत नाही. दवाखान्याच्या लेटरहेडवर इंग्रजीत पत्र हवं: रुग्णाचं पूर्ण नाव, भरती केल्याची तारीख, आजार, प्रकृती गंभीर असल्याचा स्पष्ट उल्लेख, डॉक्टरची सही, नोंदणी क्रमांक, शिक्का आणि दवाखान्याचा फोन. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं असोत की रामदासपेठेतला खासगी दवाखाना, राउंडला आलेल्या डॉक्टरांनाच गाठा. काउंटरवर मागत बसलात तर दुपार जाते. पत्र नीट स्कॅन करून पाठवा, अंगठा दिसणारा फोटो नको.

रुग्णाचं नाव मुलाच्या कागदांशी जुळलं पाहिजे. दवाखान्यात 'सुधाकरराव' आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर 'सुधाकर' असेल तर पत्रातलं नाव तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

नात्याचा पुरावा म्हणजे जन्मदाखला. तो सापडत नसेल तर मुलाला म्हणा, तुझ्या जुन्या भारतीय पासपोर्टचं शेवटचं पान उघड. त्यावर आईवडिलांची नावं छापलेली असतात. मृत्यू झाला असेल तर महापालिकेच्या दाखल्यासाठी थांबू नका. दवाखान्याचं पत्र चालेल का, हे मुलानं कॉन्सुलेटला विचारावं आणि तोवर इकडे ते पत्र तयार ठेवावं.

पोहोचताना

परदेशी पासपोर्टवर येणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२५ पासून ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. पोहोचण्याआधीच्या ७२ तासांत भरा, त्याचे पैसे पडत नाहीत.

ई-व्हिसा चालणाऱ्या विमानतळांच्या यादीत नागपूर आहे, त्यामुळे आखाती मार्गानं थेट नागपूरला उतरता येत असेल तर उत्तम. मुंबईत उतरलात तर इमिग्रेशन आणि कस्टम तिथेच, सामान घेऊन पुन्हा चेक-इन. पुढच्या विमानासाठी चार तास तरी मधे ठेवा. आणि नागपूरचं विमान नाहीच मिळालं तर समृद्धी महामार्ग आहे, पण ते ७०१ किलोमीटर आहे बापा. अमेरिकेहून जागत आलेल्या माणसाच्या हाती स्टीअरिंग देऊ नका, ड्रायव्हरसकट गाडी सांगा.