माळावर गवत लावताय? या चुका टाळा

अंजन गवताचं बी बाजरीसारखं पेरू नका. माण, जत, सांगोल्याकडं गायरान सुधारायला निघालेली मंडळी मृग लागला की नेमकं हेच करतात. एका गावात पोरांनी हौसेनं ट्रॅक्टर लावून अख्खा मुरमाड माळ नांगरला. उन्हाळ्यात बागायती तुकड्यावरून नुकतंच झोडपलेलं बी पाभरीनं चार बोटं खोल गाडलं. पाऊस बरा झाला आणि उगवलं ते गाजरगवत. सगळे बियाणं देणाऱ्याच्या नावानं ओरडत होते. मी ओळ उकरून पाहिली. बरंचसं बी केसाळ बोंडात जसंच्या तसं पडलेलं. ज्याला कोंब फुटला होता तो वर यायच्या आधीच मातीत वाकून पिवळा पडलेला. नांगरटीत मारवेल, पवन्या या देशी गवतांची जुनी ठोंबं उपटून गेली, पहिल्या वळवात वरची मातीही ओढ्याला गेली.

ताजं बी सुप्त असतं, लगेच रुजत नाही. सहा महिने ते वर्षभर कोरड्या जागी ठेवून मगच वापरा. मी आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. निम्मेही रुजले नाहीत तर ते पोतं उघडतच नाही. हेक्टरी साधारण पाच किलो बी ओलसर मातीत चोळून घ्यावं, उताराला आडव्या उथळ काकरांत हातानं टाकावं आणि वरून बाभळीची फांदी फिरवावी. सेंटिमीटरभर माती पुष्कळ झाली. मारवेल मात्र बियांपेक्षा ठोंबांनी लावलेली बरी.

दुसरी चूक घाईची. हिरवं दिसलं की शेरडं आत. पहिल्या वर्षी मुळानं जमीन धरलेली नसते, मेंढरू ओढतं तेव्हा अख्खा फुटवा हातात यावा तसा निघतो. दोन महिन्यांत कुरण मागणाऱ्यांनी या कामात पडूच नये. पहिल्या वर्षी बी झडू द्या, मग विळ्यानं कापा, खाली वीतभर बुडखा ठेवा. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं चराईबंदी पाळून कापून नेण्याची शिस्त लावली, म्हणून तिथं गवत टिकलं. पण बंदी घालण्याआधी त्या वाटेनं पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्या मेंढपाळांशी बसून बोला, त्यांना दुसरा तुकडा आणि पाण्याची वाट द्या. न विचारता घातलेलं कुंपण टिकत नाही, आणि त्यात दोष मेंढपाळांचा नाही.

स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचं बी कठीण कवचाचं, गरम पाण्यातून काढल्याशिवाय पेरू नका. पाणी उकळतं नको.

कुसळी गवत फुलावर येण्याआधी कापा. नंतर त्याची कुसळं मेंढरांच्या लोकरीत आणि तोंडात घुसतात, चाराही निकस होतो.

चांगल्या गवताळ माळावर झाडांसाठी खड्डे खणू नका.

सुबाभूळ बांधाला ठीक, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घालू नका. तिच्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, जास्त झालं की जनावराचे केस गळतात.